भिंगाखालची जागा

टीव्हीवर बातम्या चालू असतात तेव्हा खाली उजव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट दिसते. तिच्यात एक माणूस उभा राहून हातांनी बोलत असतो. तुम्हीआम्ही त्याच्याकडे बघत नाही. फार तर घरातलं एखादं पोर त्याची नक्कल करतं, मोठी माणसं हसतात आणि पुन्हा हवामानाकडे वळतात. जिथे त्या चौकटीतल्या माणसाला कुणी विचारत नाही, तिथे त्याच्या समोर, कॅमेऱ्याच्या भिंगाखाली, बुटक्या स्टुलावर बसणाऱ्या बाईला कोण विचारणार? ही गोष्ट त्या बाईची आहे.

स्टुडिओत तिला सगळे स्टूलवाली ताई म्हणत. कागदोपत्री तिच्या हुद्द्याला एक लांबलचक नाव होतं, पण ते कुणाला पाठ नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. काम मात्र सांगायला सोपं. चौकटीत उभा राहणारा माणूस हा तिचा धाकटा भाऊ, जन्मापासून बहिरा. निवेदकाचं बोलणं त्याला कळायचं कसं? तर ताई हेडफोन लावून ते ऐकायची आणि भिंगाच्या अगदी खाली बसून त्याला खुणांनी सांगायची. तो तिचं बघायचा, क्षणभर थांबायचा आणि मग तेच लोकांना आपल्या हातांनी सांगायचा. त्याचं सांगून झालं की रेकॉर्डिंगचा पुढचा तुकडा. दिवसाला संध्याकाळच्या बातम्या आणि आणखी एखादा कार्यक्रम, एवढंच व्हायचं.

स्टुडिओत नवा आलेला प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी शहाणपणा करायचा. "ताई, खुणा तुम्हालाही येतात, ऐकूही येतं. मग तुम्हीच का नाही उभ्या राहत? मधला एक माणूस वाचेल."

"मला खुणा येतात," ताई म्हणायची. "त्याला सांगता येतं."

आणि ते खरंच होतं. ती शिधा द्यायची, स्वयंपाक त्याचा. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद, वाहनांनी वळसा घालावा, एवढंच ती त्याला सांगायची. मग त्याच्या हातांत नदी वाहायला लागायची, तिच्यावर पूल चढायचा, एक जड ट्रक डुलत डुलत यायचा आणि पुलाच्या तोंडाशी थबकायचा. ड्रायव्हर डोकं खाजवायचा, मागे वळून बघायचा आणि चरफडत ट्रक वळवायचा. बघणाऱ्याला पुलाची बातमी कळायचीच, वर त्या ड्रायव्हरची कीवही यायची. दुसरी गोष्ट त्याच्या डोळ्यांची. ताई बरोबर भिंगाखाली असल्यामुळे तो बघायचा तिच्याकडे, पण घरोघरच्या बहिऱ्यांना वाटायचं, हा आपल्याकडेच बघतोय. अशी त्याची कितीतरी घरांत ऊठबस झाली होती. बस थांब्यावर लोक त्याला ओळखायचे आणि लांबूनच गालात बोट रुतवून दाखवायचे.

ते बोट म्हणजे त्याचं नाव. बहिऱ्या लोकांत कागदावरच्या नावाला काडीची किंमत नसते, माणसाचं जे डोळ्यांत भरतं त्याचीच खूण होते आणि ती जन्मभर चिकटते. याच्या गालाला खळी, म्हणून हा खळी. लहानपणी ताईच्या दोन वेण्या असायच्या, म्हणून ती वेणी. आता ताईचे केस पिकून मानेवर आले होते, तरी ती वेणीच. कॅमेरावाल्याची खूण म्हणजे डोक्यावरून सपाट फिरवलेला हात. त्याला तिचा अर्थ ठाऊक होता, आणि रागावून उपयोग नाही हेही ठाऊक होतं. नव्या मॅडम आल्या, त्यांनी पहिल्याच बैठकीत चष्मा सतरांदा वर ढकलला आणि चहा येण्याआधी त्यांचं बारसं उरकलं. तेव्हापासून त्या चष्मा.

या चष्मा मॅडम वाईट होत्या असं कुणी समजू नये. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती, शिव्या घालायला माणूस मिळाला असता. त्या मनापासून झटणाऱ्या होत्या. गॅरेजच्या वर बहिऱ्यांचा क्लब होता, तिथे त्या स्वतः जाऊन बसल्या होत्या. क्लबाची मागणी जुनीच होती. आम्हाला फक्त बातम्याच का? आम्हाला डॉक्टरांचं बोलणं नको? नाटक नको? क्रिकेटच्या गप्पा नकोत? या मागणीत सगळ्यांत पुढे होता खळी आणि त्याच्या खालोखाल क्लबातला वडीलधारा, एक बहिरा शिंपी. दोन बोटांची कात्री ही त्याची खूण.

मॅडमनी ताईला समोर बसवून सांगितलं. "ताई, इतकी वर्षं आपण चमच्यानं पाणी पाजत होतो. आता नळ बसवायचा."

नळ असा होता. बोललेलं सगळं यंत्र आपोआप लिहून काढणार. त्या ओळी टीव्हीच्या पडद्यावर खाली उमटणार आणि भिंगासमोरच्या काचेवरूनही सरकत जाणार. खुणा करणाऱ्यानं त्या वाचत जायचं आणि हात चालवत जायचे, मध्ये थांबणं नाही. पाठीमागचा हिरवा पडदा यंत्रच कापून टाकणार आणि माणूस हव्या त्या कार्यक्रमाच्या कोपऱ्यात चिकटवणार. जिथे दिवसाला दोन व्हायचे तिथे सहा-सात कार्यक्रम होणार. भिंगाखाली कुणी बसायची गरज उरणार नाही. हे शेवटचं सांगताना मॅडमनी चष्मा काढून पुसला.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही म्हण त्या रविवारी क्लबातल्या बहिऱ्यांनी स्वतःला लावून घेतली आणि हसून हसून पुरेवाट झाली. खळी तर टेबलावर चढला. ताईला वाईट वाटलं का? वाटलं. पण आपलं स्टूल जाणार म्हणून आख्ख्या गावच्या बहिऱ्यांच्या तोंडचा घास अडवायचा, असली ती बाई नव्हती.

"खळी वाचेल ना?" मॅडमनी विचारलं होतं. "जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा. तुम्ही उभ्या राहा. तुम्हाला तर वाचायचंही कारण नाही, ऐकूनच कराल."

"वाचेल," ताई म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण खळीला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं येत होती, दुकानांच्या पाट्या येत होत्या, सही येत होती. पण सलग चार ओळी पुढे ठेवल्या की त्याला घाम फुटायचा. दोष त्याच्या डोक्याचा नव्हता. त्याच्या शाळेत हात हलवायला बंदी होती. हात मांडीखाली दाबून बसायचं आणि मास्तरांच्या ओठांकडे बघून बोलायला शिकायचं, तोंडासमोर धरलेल्या मेणबत्तीची ज्योत हलली तर 'प' बरोबर आला, नाही हलली तर पट्टी. सगळं बालपण ज्योत हलवण्यात गेलं, वाचायला शिकवायचं राहूनच गेलं. शाळेनंतर तो एका कारखान्यात लाकडाला पॉलिश करायचा. तिथे दिवसभर त्याच्याशी कुणी अक्षर बोलत नसे, जेवणाच्या सुटीतही नाही. चौकट मिळाली तेव्हा तो माणसांत आला. ती गेली तर तो कुठे परत जाणार होता, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. आईवडील केव्हाच गेले होते, दोघांचीही लग्नं झाली नव्हती. घरात ही दोघं आणि घराबाहेर ती चौकट.

म्हणून ती त्याच्या जागी उभी राहणार नव्हती आणि ती जागा त्याच्या हातून जाऊही देणार नव्हती. रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून तिनं शाळा मांडली.

पी हळद आणि हो गोरी असं काही होत नसतं, पण मॅडमनी परीक्षेसाठी मुदत दिली होती ती तेवढीच. सुरुवातीला खळी प्रत्येक शब्दाला अडायचा. "हे 'तरीसुद्धा' काय आहे? दाखव." ताई खांदे उडवून दाखवायची, भुवया चढवून दाखवायची. "मग भुवया लिही ना, एवढी अक्षरं कशाला?" तो चिडायचा. दोघं भांडायची. बहिऱ्याशी भांडण म्हणजे टेबलावर हात आपटून भांडण, खालच्या मजल्यावरचे काठीनं छत ठोकायचे आणि ते ताईला एकटीलाच ऐकू यायचं.

मग हळूहळू त्यानं विचारणं सोडलं. शब्द दिसला की हात उठायचा, पुढचा दिसला की पुढचा. अर्थ काय, कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, हा विचार करायला थांबलं की ओळ निसटायची, म्हणून तो थांबेनासा झाला. त्याचे हात आता सरळ रेषेत चालत होते. ट्रकही नाही आणि ड्रायव्हरही नाही. ताईनं हे पाहिलं आणि तिला आनंद झाला. परीक्षा उद्यावर आली की उत्तराचा अर्थ कोण बघतो? पाठ आहे ना, मग झालं.

परीक्षेच्या दिवशी तो अडखळला नाही. मॅडमनी मुद्दाम शिकून घेतल्यासारखे दोन्ही हात वर करून बोटं फडफडवली, बहिरे टाळ्या वाजवतात तशी. कॅमेरावाल्यानंही फडफडवली. खळीनं गालात बोट रुतवलं, मग ताईकडे बोट दाखवून खांद्यावरून वेणीची खूण केली, म्हणजे हिच्यामुळे. त्याच आठवड्यात ताईला फुलं मिळाली, निरोप मिळाला, आणि भिंगाखालच्या जागेत यंत्राचं खोकं आलं.

घरी बसल्यावर पहिल्या संध्याकाळी तिनं टीव्ही लावला. इतक्या वर्षांत तिनं भावाला टीव्हीवर असं कधी निवांत बघितलं नव्हतं. आचाऱ्याला पंगतीत बसायची हौस नसते. आज ती चहा घेऊन खुर्चीत बसली. आधी बातम्या, मग शेतीवर काही, मग एका डॉक्टरांची मुलाखत, आणि प्रत्येकात कोपऱ्यात आपला खळी. तिला भरून आलं. मग तिला वाटलं, आवाज बंद करून बघावं. बहिऱ्यांच्या घरी दिसतो तसा.

आवाज गेला आणि भाऊही गेला. चौकटीत कुणीतरी उभं होतं. त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, झटकन परत येत होते, पुन्हा डावीकडून उजवीकडे. डोळ्यांच्या मागोमाग हात. कुठे पूर आला होता, घरं वाहून गेली होती, आणि त्याचा चेहरा जसाच्या तसा. मग कुणीतरी सामना जिंकला, तरी तो तसाच. ताईनं लक्ष देऊन पाहिलं, खुर्ची पुढे ओढून पाहिलं. एकेक खूण बरोबर होती, पण तो काय सांगतोय ते तिला कळेना. तिनं आवाज लावला. लगेच सगळं कळायला लागलं. म्हणजे ज्यांना ऐकू येतं त्यांना आता त्याचं बोलणं छान समजत होतं.

खळी घरी आला तो बूटही न काढता तिच्या समोर उभा राहिला. दमला होता, डोळे लाल झाले होते. "कसं होतं?"

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहिऱ्या माणसाला घरात सगळ्यांत जास्त ऐकवलं जाणारं वाक्य म्हणजे 'काही नाही, नंतर सांगतो'. लग्नात सगळी पंगत हसते, हा विचारतो काय झालं, तर 'नंतर सांगतो'. आई रडते, तरी 'काही नाही'. ताईनं हे वाक्य आयुष्यात वापरलं नव्हतं. एकदा एका आत्यानं त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकला, "पोरगा दिसायला राजबिंडा, पण उपयोग काय!" त्यानं विचारलं काय म्हणाली, तर ताईनं सुस्काऱ्यासकट सांगितलं. तो आत्याकडे जाऊन तिच्या पाया पडला आणि तसाच सुस्कारा टाकून आला. जग त्याला खोटं सांगत होतं, पण वेणी नाही. त्यामुळेच तो भिंगाखालच्या हातांवर डोळे मिटून विश्वास टाकू शकत होता.

"छान," ताईच्या हातांनी सांगितलं. "फार छान."

त्याची खळी फुलली आणि तो बूट काढायला बसला. दुसऱ्या दिवशीही त्यानं विचारलं आणि तिनं तेच सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून तर खोटं बोलायलाही काही लागेना, त्याचा हात वर व्हायच्या आत तिचा व्हायचा.

पहिल्या दोन रविवारी त्याला कामातून सुटीच मिळाली नाही. तिसऱ्या रविवारी तो क्लबात गेला आणि दिवेलागणीच्या आत परत आला. एरवी क्लबातून त्याला ओढून काढावं लागे, बहिऱ्यांच्या गप्पा दिवा घालवल्याशिवाय संपत नाहीत. ताई भांडी घासत होती. तो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"जळतात," तो म्हणाला.

"कोण?"

"सगळे. तो शिंपीसुद्धा. मी दिवसाला सहा कार्यक्रम करतो ना, ते बघवत नाही. शिंपी मला सांगायला लागला, तू पूर्वीसारखा नाहीस. मी डोळे मिटले."

समोरच्याचे हात चालू असताना डोळे मिटणं याहून मोठी शिवी त्या लोकांत नाही. तोंडावर दार आपटणं त्यापुढे काहीच नव्हे. आणि शिंपी तर त्याला बापासारखा.

"डोळे उघडल्यावर मी सगळ्यांना सांगितलं," खळी पुढे म्हणाला, "वेणी रोज बघते. ती म्हणते छान. ती खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता. आता पुन्हा पाय ठेवणार नाही तिथे."

ताईचे हात भांड्यांच्या पाण्यात होते. ओल्या हातांनीही बोलता येतं. तिनं ते बाहेर काढले नाहीत.

शिंपी आला तो खळी कामावर गेलेला बघून. दारावरची घंटा दाबली की घरातला दिवा लुकलुकायचा, तो लुकलुकला तेव्हा ताईला कळलंच कोण असणार. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, प्यायला, पेला नीट बाजूला ठेवला. हात मोकळे केल्याशिवाय बोलणार कसा?

"आजारी आहे का तो?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग आमच्यावर रागावलाय? आमच्याकडे बघत का नाही?"

ताईनं त्याला काच, ओळी, खोकं सगळं समजावलं. शिंपी मान हलवत राहिला. मग त्यानं जे सांगायचं होतं ते सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट. शेवटी म्हणाला, "हे त्याला सांग. माझं त्यानं बघितलं नाही. तुझं बघेल." आणि काठी घेऊन जिना उतरला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ताईची अवस्था झाली. सांगावं तर रोजचं 'छान' तिच्या गळ्यात येणार. न सांगावं तर तो त्या चौकटीत एकटा बोलत राहणार, एका माणसानंही बघितलं नाही तरी. तिनं तिसरी वाट काढली. सांगायच्या आधी दुरुस्त करून टाकू, मग सांगायची वेळच येणार नाही. असल्या वाटा खऱ्या असत्या तर आणखी काय हवं होतं!

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण मी मागे कशी जाऊ? दोनाचे सहा क्लबानंच मागितले. आता सहाचे दोन केले तर वरून विचारतील, बहिऱ्यांना नको आहे का? तसं म्हटलं की उरलेले दोनही जातील. आणि पुढच्या वर्षी चित्रातला माणूस येतोय, यंत्रानंच हलणारा. तोवर खळीची जागा टिकवायची तर वेग लागेलच."

"मला एकदा बसू द्या. पगार नको. त्याच्यासमोर कुणीतरी असलं की झालं."

मॅडमनी चष्मा वर ढकलला. "बसून बघा," त्या म्हणाल्या.

जुना मोठा स्टुडिओ आता राहिला नव्हता. कपाटाहून थोडी मोठी अशी एक खोली, हिरवा पडदा, समोर कॅमेरा, त्याच्यापुढे तिरपी काच. कॅमेरावाल्यानं खोकं पायानं सरकवलं, वायरी गोळा केल्या आणि एक उपडा क्रेट टाकला. "गुडघे आवळून बसा ताई," तो म्हणाला. ताईला बघून खळीनं भुवया उंचावल्या. मॅडमनी बोलावलं, एवढंच तिनं सांगितलं.

कार्यक्रम मूत्रपिंडांवर होता. डॉक्टर बोलायला लागले, काचेवर ओळी सरकायला लागल्या, आणि ताईनं हात उचलले. खळीचे डोळे काचेवरून घसरून तिच्यावर आले. तो थांबला. आणि त्या क्षणभरात त्याचा चेहरा जागा झाला, खळी पडली. त्याच्या हातांत एक चहाची गाळणी आली, तिच्यातून काहीतरी गढूळ ओतलं गेलं, गाळणी तुंबली, आणि बिचाऱ्या गाळणीचा जीव अर्धा झाला. कॅमेरावाला फिसकन हसला. त्याला खुणांतलं काही कळत नव्हतं, तरी कळलं.

पण डॉक्टर थांबले नव्हते. गाळणी तुंबेपर्यंत ते मिठावरून साखरेवर आणि साखरेवरून औषधांवर गेले होते. हात मागे पडले तशी काच लाल झाली, यंत्रानं टूं केलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी त्यानं दोन्हीकडे बघायचा प्रयत्न केला, अर्धी ओळ, अर्धी ताई, आणि हात हवेत अडकले. पुन्हा टूं. बाहेर मॅडम घड्याळाकडे बघायचं टाळत उभ्या होत्या.

तिसऱ्या वेळी त्याचे डोळे काचेवर गेले ते तिथेच राहिले. ताई सांगत राहिली. तिनं हात मोठे केले, वर उचलले, हलवले. तो बघेना. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. मग काचेवरची नजर न काढता त्यानं डावा हात कमरेखाली नेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, आणि बोटांनी तिला खूण केली.

जा.

ताई क्रेटवरून उठली. गुडघ्यांना रग लागली होती, कॅमेरावाल्यानं हात दिला. खळीचा तो कार्यक्रम एका दमात पार पडला.

संध्याकाळी ताईनं टीव्ही लावला नाही. ताटं वाढून ठेवली आणि वाट बघत बसली. तो आला, हातपाय धुऊन समोर बसला. आज त्यानं 'कसं होतं' विचारलं नाही.

"आज का आली होतीस?"

ताईनं ताट बाजूला केलं. "शिंपी आला होता घरी," ती म्हणाली. "तो खरं सांगत होता. मी खोटं सांगितलं तुला."

खळी तिच्या हातांकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, आपण चुकीचं पाहिलं. तिनं पुन्हा सांगितलं.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यानं हात टेबलावर ठेवला. त्या हाताशी आलेला टेबलाचा कोपरा तो अंगठ्यानं घासत राहिला, पॉलिश करणारे लाकूड पुसून बघतात तसा. ताईला वाटलं, आता उठेल, आता डोळे मिटेल. तिनं मनाची तयारी केली होती. पण तो उठला नाही आणि त्यानं डोळेही मिटले नाहीत.

"शिंप्याचं मी अर्धंच बघितलं," तो म्हणाला. "पुढचं काय होतं? सांग."

आजवर तिनं त्याला ऐकणाऱ्या जगाचं बोलणं सांगितलं होतं. त्याच्याच माणसांनी त्याच्याच भाषेत केलेलं बोलणं त्याला सांगायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं शिंप्यासारखी पाठ ताठ केली आणि सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. तू यायचास तेव्हा आम्ही जेवण हातात धरून बसायचो. तुझा ट्रकवाला आम्ही क्लबात चार दिवस करून दाखवायचो. आता ज्यांना वाचता येतं ते पडद्यावरच्या ओळी वाचतात. ज्यांना येत नाही ते उठून जातात. माझी म्हातारी तुझ्या चौकटीवर रुमाल टाकते, म्हणते, हा पोरगा असा बघितला की मला रडू येतं. दिवसभर सगळ्या कार्यक्रमांत तू असतोस आणि आमच्याशी बोलणारं तिथे कुणी नसतं. आम्ही मागितलं होतं, आमचंच चुकलं. तुला दोष देत नाही. पण तुला हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

खळी बघत होता. सगळं बघून झाल्यावर तो क्षणभर थांबला, जसा पूर्वी थांबायचा तसा, आणि त्याच्या चेहऱ्यावर म्हातारी आली, तिचा रुमाल आला, उठून जाणाऱ्यांच्या पाठी आल्या, एकामागून एक. ताईला ते बघवेना, पण तिनं नजर काढली नाही.

"आता समजलं," तो म्हणाला. "तू सांगितलंस की समजतं मला."

"मी मॅडमना पुन्हा विचारते."

"नको. उद्या लवकर जायचंय. सात कार्यक्रम आहेत."

मग ताट पुढे ओढून त्यानं मान खाली घातली, आणि जेवण होईपर्यंत वर केली नाही.